रिकामे डबे, बरण्या आणि खोकी साठवणीला वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याचं वाणसामान घरी आलं की त्याच्याबरोबर तेलाचा जार, दोन-चार काचेच्या बरण्या, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, पुठ्ठ्याची खोकी हेही येतंच. त्याचे पैसे आपण वस्तूच्या किमतीत आधीच मोजलेले असतात. म्हणून साठवणीचे नवे डबे घेण्याआधी घरातलं हे सगळं एकदा नीट पाहावं. मात्र कुठलाही रिकामा डबा हातात आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: यात आधी काय होतं? पुढचं जवळजवळ सगळं त्यावरूनच ठरतं.

कोणता डबा ठेवायचा आणि कोणता लगेच भंगारात द्यायचा?

खाण्याच्या जिनसाचा डबा असेल, आतून हात घालून घासता येत असेल, पूर्ण कोरडा होत असेल आणि झाकण घट्ट बसत असेल, तर तो कोरड्या किराण्यासाठी ठेवा. यातली एखादी गोष्ट कमी पडत असेल तर त्यात बटणं, खिळे, वायर, पेनं ठेवा.

शाम्पू, कपडे धुण्याचा साबण, भांडी घासायचं लिक्विड, फिनेल यांचे डबे कितीही धुतले तरी धान्याला किंवा मसाल्याला वापरू नयेत. त्यांचं प्लास्टिक सुगंध आणि रसायन शोषून घेतं. आज वास आला नाही तरी महिनाभर बंद राहिल्यावर तो जिन्नसात उतरतो. कीटकनाशकाच्या बाटल्या आणि डबे तर घरात आणूच नयेत. शेतावर तीनदा धुऊन, भोकं पाडून त्या निकामी करायच्या असतात. त्यात पाणी, तेल, बियाणं काहीही भरू नये.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, त्याचा अर्थ काय?

तो आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. डबा पुन्हा वापरायला सुरक्षित आहे, असं तो सांगत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. १ म्हणजे पेट: पाणी आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, तेलाचे बरेचसे पारदर्शक जार. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पूच्या बाटल्यांचं जाड, दुधी प्लास्टिक. ३ पीव्हीसी. ४ एलडीपीई, म्हणजे मऊ पिशव्यांचं प्लास्टिक. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन: आइस्क्रीमचे आणि पार्सलचे डबे. ६ पॉलिस्टायरीन, ज्यात थर्माकोलही येतो, आणि ७ म्हणजे इतर सगळं.

किराण्याला १, २ आणि ५ उपयोगाचे. त्यातलं पेट साधारण ७० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, म्हणून पेटचा जार उकळत्या पाण्याने धुतला की वाकडा होतो आणि झाकण कायमचं बिघडतं. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम घ्या.

विकतच्या पाण्याच्या बाटल्या परत भरून प्यायला वापराव्यात का?

नको. त्यांचं तोंड अरुंद असतं, आत घासणी पोचत नाही. आठवड्याभरात आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो आणि नुसतं खळबळून तो निघत नाही. बाटलीवर ‘वापरानंतर चुरगळा’ अशी सूचना असते ती मुख्यतः कुणी तिच्यात साधं पाणी भरून पुन्हा विकू नये म्हणून. बाटली पूर्ण कोरडी करून तांदूळ, साखर, मूग भरायला हरकत नाही. कोरडी करायची म्हणजे उपडी दोन दिवस. आत एक थेंब राहिला तरी खालच्या साखरेचा दगड होतो.

कोणत्या डब्यात किती मावतं, हे आधी कसं ओळखायचं?

लिटर आणि किलो एक नव्हेत, इथेच अंदाज चुकतो. एक लिटरच्या जागेत तांदूळ, गहू किंवा तूरडाळ साधारण साडेसातशे ते आठशे ग्रॅम बसते, साखर साडेआठशेच्या आसपास, बारीक मीठ किलोच्या वर. कणीक न दाबता अर्धा किलोपेक्षा थोडीशीच जास्त. पोहे हलके, त्यामुळे पाव किलोच्या आसपास. म्हणजे पाच लिटरच्या तेलाच्या जारमध्ये चार किलो तांदूळ जाईल, पण पोहे जेमतेम सव्वा किलो. पोहे, कुरमुरे, शेवया यांच्यासाठी म्हणूनच मोठ्या तोंडाचा, मोठ्या पोटाचा डबा राखून ठेवा.

तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घरात वापरण्याजोगा कसा करायचा?

महाराष्ट्रात हा डबा पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर आहे, आणि वाळवणासाठी आजही त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तळ साधारण २४ सेंटिमीटर चौरस, उंची ३५ सेंटिमीटर. आत सुमारे १८ लिटर जागा. तांदूळ किंवा गहू १३ ते १४ किलो बसतो आणि पापडांची चळत सपाट राहते. चौकोनी असल्यामुळे दोन डब्यांमध्ये जागा वाया जात नाही.

आधी डबा एक रात्र उपडा ठेवून तेल निथळू द्या. मग बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्याकडे न्या. तो वरचा पत्रा कापतो, कड आत दुमडून ठोकतो आणि बिजागरी-कडीचं झाकण बसवतो. घरी कात्रीने किंवा चाकूने कापू नका. कापलेला पत्रा ब्लेडसारखा असतो, आणि न दुमडलेल्या कडेवर धान्य काढताना मनगट हमखास कापतं.

आता तेल काढायचं. लगेच पाणी ओतलं तर तेल नुसतं पसरतं. आधी दोन मुठी बेसन किंवा चाळलेला कोंडा टाकून कोरड्या फडक्याने भिंती, तळ आणि विशेषतः चारही कोपरे रगडून पुसा. पीठ तेल ओढून घेतं. हे दोनदा करा. मग दोन-तीन लिटर गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घालून ब्रशने घासा, दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळा, लगेच पुसा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. ओला डबा सावलीत राहिला तर सांध्यांवर एका रात्रीत गंज धरतो. कोपऱ्यातलं तेल राहिलं तर ते खवट होतं आणि तो वास पापडांना लागतो. खात्री करायची असेल तर झाकण लावून डबा दोन दिवस ठेवा आणि उघडल्या उघडल्या हुंगा.

बिजागरीचं झाकण हवाबंद नसतं. म्हणून कुरडया, पापड, सांडगे आधी जाड, स्वच्छ पिशवीत बांधून मग डब्यात ठेवा. उन्हातून काढलेलं वाळवण तसंच गरम भरू नका. बंद डब्यात त्याची वाफ पत्र्यावर जमते आणि पावसाळ्याआधीच बुरशी येते. सुपात पसरून पूर्ण गार झालं की भरा.

पाच लिटरच्या प्लास्टिकच्या जारमधलं तेल कसं घालवायचं?

तत्त्व तेच: आधी ओढून घ्या, मग धुवा. जार उपडा ठेवा, मग आत अर्धी वाटी कोरडा तांदूळ आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड घालून थोड्या कोमट पाण्यासह जोरात हलवा. हात पोचत नाही तिथे तांदूळ घासणीचं काम करतो. तोंड अरुंद असेल तर खांद्याखाली जार कापून उघडा डबा करता येतो, त्यात कांदे-बटाटे किंवा फडकी ठेवा. कापलेली कड बोचते. इस्त्री मध्यम गरम करून तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइल पसरा आणि कड तीन-चार सेकंद टेकवा. पेट आत वळून गोल, गुळगुळीत होतं. खिडकी उघडी ठेवून करा.

काचेच्या बरणीवरचं लेबल आणि चिकटपणा निघत नाही.

बरणी गरम पाण्यात अर्धा तास बुडवा, कागद सुटतो. मागे उरतो तो गोंद पाण्याला दाद देत नाही, पण तेलात सैल होतो. एक चमचा खोबरेल आणि एक चमचा खायचा सोडा यांचा लेप वीस-तीस मिनिटं लावून ठेवा, मग नारळाच्या काथ्याने घासा आणि साबणाने धुवा. सुरीने खरवडू नका, काचेवर चरे पडतात.

लोणच्याच्या बरणीचा वास जात नाही. का?

वास काचेत नसतोच. तो झाकणाच्या आतल्या मऊ पट्टीत असतो. बरणी आणि झाकण वेगवेगळं हुंगून पाहा, लगेच कळेल. झाकण सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. तरीही वास राहिला तर त्या झाकणाने वेलदोडे, चहा, पिठीसाखर झाकू नका. बरणी मेतकुटाला किंवा बटणांना द्या.

जॅमच्या बरणीत लोणचं, आमसुलं, मीठ ठेवलं तर चालेल का?

काच चालते, पत्र्याचं झाकण चालत नाही. मीठ आणि आंबटपणा मिळून त्याचा आतला लेप खातात, आधी कडेला तांबूस ठिपके दिसतात आणि मग गंज खाली गळतो. आमसुलं, कोकमाचं आगळ, मिठातली कैरी, चिंच यांच्यासाठी प्लास्टिकच्या झाकणाची काचेची बरणी किंवा घरातली चिनी मातीची बरणी घ्या. ॲल्युमिनियमच्या किंवा पत्र्याच्या डब्यात हे जिन्नस कधीच ठेवू नका.

लोणच्याआधी बरणी उकळायची तर पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, बरणी गार पाण्यात ठेवून मग गॅस लावा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा. काढलेली बरणी ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवली तर तळ तडकू शकतो. दुमडलेल्या पंचावर ठेवा. आत पाण्याचा अंश राहू देऊ नका.

घट्ट झाकणाच्या बरणीतही रव्यात अळ्या आणि तांदळात किडे होतात. बरणी खराब आहे का?

बहुतेक वेळा बरणीचा दोष नसतो. अंडी जिन्नसाबरोबर दुकानातूनच आलेली असतात, उबदार हवेत ती फुटतात. तांदळातल्या सोंड्याची मादी तर दाणा पोखरून आतच अंडी घालते, म्हणून निवडताना काही दिसत नाही.

रवा, मैदा, बेसन, दलिया यांचं पाकीट आणल्यावर न उघडता फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. उणे १८ अंशाला अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प गार रव्यावर बसतं आणि गोळे होतात. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर रवा मंद आचेवर कोरडाच भाजून, गार करून भरा. तांदळाला आणि डाळीला किलोमागे एक लहान चमचा एरंडेल चोळतात. शिजवण्याआधी आपण ते धुतोच. वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो, पण तो खडखडीत वाळलेला हवा, ओलसर पाला स्वतःच बुरशी आणतो.

बोरिक पावडर तांदळाला लावण्याची सवय अजून कुठे कुठे आहे. ती पोटात जायची वस्तू नव्हे, सोडून द्या. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या धान्यात ठेवायच्या गोळ्या राहत्या घरात कधीही नकोत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो.

जुन्या जिन्नसावर नवा ओतायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. तळाशी उरलेल्या मूठभर डाळीतून कीड नव्या दोन किलोत जाते. डबा रिकामा करा, झाकणाचे आटे ब्रशने झाडा, ऊन दाखवा, मग भरा. झाकणाच्या आट्यांत अडकलेलं पीठ हे किड्यांचं आवडतं घर आहे.

उघडलेल्या पाकिटाचं तोंड कसं बंद करायचं?

रबरबँड सैल पडतो, चिमट्याच्या बाजूने हवा जाते. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड गळ्याखाली दोन-तीन सेंटिमीटरवर कापून घ्या. पाकिटाचं तोंड खालून वर या गळ्यातून ओढून बाहेर काढा, आट्यांवर बाहेरच्या बाजूला उलटवून पसरा आणि वरून बूच फिरवा. प्लास्टिकची पिशवी आटे आणि बूच यांच्यात दाबली जाते आणि तोंड पक्कं बंद होतं. तिरकं केलं तर डाळ थेट कुकरच्या भांड्यात ओतता येते. जाड, कडक पाकिटाला ही युक्ती जमत नाही. आट्यांवर घड्या पडून बूच तिरकं बसतं.

हॉटेलच्या पार्सलचे डबे किती दिवस वापरावेत?

पारदर्शक, तळाशी ५ आकडा असलेले डबे कोरड्या वस्तूंना आणि फ्रीजमधल्या चिरलेल्या भाजीला चांगले. त्यात उकळती आमटी ओतू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, भिंती फार पातळ असतात. फ्रीझरमध्ये हे प्लास्टिक ठिसूळ होतं, मटार भरलेला डबा हातातून पडला की तडा जातो. हळदीचा पिवळा डाग उन्हात बराच उतरतो. आतून चरे पडले, पांढुरका धूसरपणा आला किंवा धुऊनही हाताला तेलकट लागलं की डबा भंगारात द्या. काळे डबे खाण्याच्या साठवणीला न वापरलेलेच बरे, त्यांत खिळे-मोळे ठेवा.

दुधाच्या पिशव्यांचा उपयोग?

कोपरा कापताना तुकडा वेगळा होऊ देऊ नका; तो सुटा तुकडा गटारात जातो आणि कुणी गोळा करत नाही. पिशवी लगेच गार पाण्याने खळबळा, वरची कड पूर्ण उघडा, आतली बाजू साबणाने धुऊन दोरीवर वाळवा. चपट्या केलेल्या पिशव्यांत स्क्रू, शिवणाचं सामान, बियाणं राहतं. उरलेल्या गठ्ठा करून रद्दीवाल्याला द्या. वास मारणारी पिशवी तोही घेत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात सामान ठेवलं की झुरळं होतात, ते का?

जाड खोक्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो आणि तो पिष्टमय खळीने चिकटवलेला असतो. झुरळाला त्यात अंधार, ऊब, लपायला नळ्या आणि खायला खळ, सगळं एकाच जागी मिळतं. म्हणून ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी स्वयंपाकघरात ठेवू नका. बाहेरच्या खोलीत उघडा, झटका, तिथूनच बाजूला करा.

कोकणात आणि गोव्यात तर आषाढ-श्रावणात पुठ्ठा हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो आणि गणपतीपर्यंत त्याला बुरशीचा वास येतो. तिथे पुस्तकं, कपडे पत्र्याच्या डब्यातच बरे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पुठ्ठा टिकतो, पण वाळवीसाठी खोकं जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका. खाली विटा, मागे चार बोटं जागा.

बुटाच्या खोक्याचे कपाटातल्या खणासाठी कप्पे कसे करायचे?

खणाची आतली उंची मोजा आणि त्यातून एक सेंटिमीटर वजा करा. खोक्याच्या चारही भिंतींवर त्या उंचीला रेघ मारा. वरचा भाग कापून टाकू नका. चारही कोपरे रेघेपर्यंत उभे चिरा, शाई संपलेलं बॉलपेन पट्टीच्या आधाराने रेघेवर दाबून ओढा आणि वरची पट्टी आत दुमडून फेव्हिकॉलने चिकटवा. भिंत दुहेरी होते आणि बाहेर फुगत नाही. कापून ठेवलेल्या खोक्याच्या भिंती महिन्याभरात पसरतात आणि खण अडकतो.

खोकं लांब पडतंय? मधोमध आडवं कापा, एक अर्ध दुसऱ्यात सरकवून हवी ती लांबी आली की चिकटवा. सगळ्या खोक्यांची एकूण रुंदी खणापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी ठेवा. घरच्या मैद्याची खळ वापरणार असाल तर ती झुरळांना आणि कसरीला बोलावते, हे लक्षात घ्या. पुस्तकबांधणीवाले त्यासाठी खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी आहे, मुलं असलेल्या घरात फेव्हिकॉलच बरा.

मिठाईची खोकी आकाराने सुरेख असतात, पण तळाला तुपाचा डाग असेल तर मुंग्या येणारच. डाग नसलेलीच ठेवा.

साड्या त्यांच्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर?

थोडे दिवस चालेल, वर्षभर नको. आत अडकलेल्या दमटपणाने जरीचा धागा काळवंडतो आणि घडीवर रेशीम विरतं. पैठणी, नारायणपेठ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून उलटी घाला. पिशवीत अंथरुणं आणि लोकरीचे कपडे ठेवा, तेही पूर्ण वाळल्यावर.

पर्स किंवा बुटांबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या?

कॅमेरा, हत्यारं, कागदपत्रं यांच्या डब्यात टाका, खाण्याच्या डब्यात नको. रंगीत दाणे असतील तर निळ्याचा गुलाबी किंवा केशरीचा हिरवा झाला की ते भरले असं समजा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

फिनेल किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलं तर काय होतं?

तहानलेलं मूल किंवा पाहुणा ते पितो. लेबल लावलं तरी नको: लहान मूल वाचत नाही, अंधारात मोठा माणूसही वाचत नाही. अशी द्रव्यं ज्या बाटलीत आली त्याच बाटलीत राहिली पाहिजेत. औषधाच्या गोळ्याही पट्टीतून काढून रिकाम्या डबीत ओतू नका, नाव आणि मुदत पट्टीवर असते. डिओच्या आणि फवाऱ्याच्या डब्या रिकाम्या वाटल्या तरी आत दाब असतो, त्या कापू किंवा भोसकू नयेत.

रंगाची २० लिटरची बादली पाणी साठवायला चालेल का?

पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या पाण्याला आणि धान्याला अजिबात नाही. बागेची माती, हत्यारं, गाडी धुण्याचं सामान यासाठी उत्तम. रंग ओला असताना धुण्यापेक्षा पूर्ण सुकू द्या, कड सुटते आणि पापुद्रा सलग निघतो.

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घालावं का?

अन्नाला लागेल असं नको. छपाईची शाई अन्नात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केलेली आहे. तळलेल्या पुऱ्यांखाली तर नकोच. फडताळाच्या फळीवर, डब्यांच्या खाली घाला आणि दर महिन्याला बदला.

बाल्कनीत ठेवलेल्या रिकाम्या डब्यांमुळे डेंग्यू होतो का?

पाणी साचलं तर धोका नक्की आहे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि त्याला बाटलीच्या बुचाएवढं पाणीही पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं उपडं करायचं आणि भांड्याच्या आतली भिंत घासायची. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. पावसाळ्यात रिकामे डबे छपराखाली, उपडेच ठेवा.

किती डबे साठवावेत? घरात पसारा होतो.

आधी वस्तू, मग डबा. काय ठेवायचं हे ठरलेलं नसेल तर तो डबा ठेवूच नका. एक मोठं खोकं किंवा एक फळी नेमून द्या. ती भरली की नवा डबा आत येताना जुना बाहेर गेला पाहिजे. झाकण हरवलेले डबे आणि डबा हरवलेली झाकणं आजच काढा. एकसारख्या बरण्या हव्या असतील तर एकाच कंपनीची कॉफी किंवा जॅम सहा महिने घ्या, झाकणंही आपसांत बदलता येतात. प्रत्येक डब्यावर कागदी टेप लावून जिन्नस आणि भरल्याची तारीख लिहा.

बाकीचं भंगारवाल्याला देताना काच, पत्रा, प्लास्टिक, कोरडा पुठ्ठा वेगवेगळं द्या. फुटलेली बरणी जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहून द्या. कचरा उचलणारा माणूस पिशवीत हात घालूनच तो वेगळा करतो.